जुन्या गाडीची वायरिंग: नवा भाग घेण्याआधी थोडा इतिहास



गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला जुन्या गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणाची मॉरिस मायनर, कुणाची मिनी, कुणाची एमजी बी. गाडी उभी राहिली की भोवती पुरुष मंडळी जमतात, बॉनेट उघडतं आणि एका हातात बटाटेवडा धरून दुसऱ्या हाताने सल्ले सुरू होतात. इंजिनाबद्दल जितकी माणसं तितकी मतं. पण विजेचा विषय निघाला की सगळे एकमेकांकडे बघतात. "डायनामो गेलाय, आता काय बसवू?" "कॉइल तीन प्रकारच्या मिळतात, कुठली घेऊ?" असे प्रश्न हवेत राहतात आणि मंडळी चहाकडे वळतात.

म्हणून हा लेख. मी मेकॅनिक नाही, रसायनशास्त्राचा माणूस आहे. पण जुन्या गाडीतली वीज बिघडण्याची निम्मी कारणं रसायनशास्त्रात सापडतात आणि उरलेली निम्मी इतिहासात. नवा भाग निवडताना दुकानदाराच्या कॅटलॉगपेक्षा हा इतिहास जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे. प्रत्येक जुना भाग काही कारणाने तसा बनवलेला होता. ते कारण कळलं की काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे आपलं आपल्यालाच उमगतं.

बर्मिंगहॅमचा दिवेवाला

ब्रिटिश गाड्यांच्या विजेचा इतिहास हा बराचसा एका बर्मिंगहॅमकराच्या घराण्याचा इतिहास आहे. जोसेफ ल्यूकस यांचा जन्म १८३४ चा. १८६० च्या सुमारास ते हॉकली भागातल्या गल्ल्यांमधून हातगाडीवर रॉकेल विकत. पुढे बादल्या, फावडी, मग दिवे. जहाजाचे दिवे झाले, सायकलीचे दिवे झाले. सायकलीच्या दिव्याला त्यांनी 'किंग ऑफ द रोड' असं नाव दिलं आणि त्या नावाने धंदा वाढवला. जोसेफ ल्यूकस १९०२ साली वारले, तेव्हा मोटारगाडी नुकती रांगायला लागली होती.

त्या काळच्या गाडीत वीज अशी जवळजवळ नव्हतीच. ठिणगीसाठी मॅग्नेटो, आणि पुढचे दिवे ॲसिटिलीन वायूचे. कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडायचं, वायू निघायचा आणि तो पेटवायचा. आपल्याकडे आंबे पिकवायला ज्याचा गैरवापर होतो, तेच हे कार्बाइड. गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर, म्हणजे आपल्या भाषेत 'सेल्फ', कॅडिलॅक गाडीत आला आणि चित्र पालटलं. सेल्फ म्हटलं की मोठी बॅटरी आली. बॅटरी भरायला डायनामो आला. डायनामो आहे तर मग विजेचे दिवे का नकोत? अशी एकामागून एक साखळी जुळत गेली.

ल्यूकस कंपनीने हे सगळं बनवायला घेतलं. मॉरिस गाड्यांचं काम मिळालं, १९२६ मध्ये सीएव्ही आणि रोटॅक्स या कंपन्या विकत घेतल्या, आणि हळूहळू मॉरिस, ऑस्टिन, रोव्हर, ट्रायम्फ, जॅग्वार यांच्या बॉनेटखाली एकच नाव दिसू लागलं. ब्रिटनमधल्या या धंद्याची पकड इतकी घट्ट झाली की सरकारच्या मोनोपोलीज कमिशनने १९६३ साली गाड्यांच्या विजेच्या सामानावर स्वतंत्र अहवाल काढला.

आजच्या ग्राहकाला यात एक फायदा आहे. बहुतेक ब्रिटिश गाड्यांना एकाच घरचं सामान असल्यामुळे वायरींच्या रंगांची भाषासुद्धा एकच झाली. तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीचा करंट, मध्ये फ्यूज नाही. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा. हिरवी म्हणजे तोच, पण फ्यूजमधून गेलेला. निळी पुढच्या मोठ्या दिव्यांची, लाल बारीक दिव्यांची, काळी अर्थिंगची. ही बाराखडी पाठ झाली की साठ वर्षांपूर्वीची गाडी वाचता येते.

आपल्यापैकी ज्यांचं बालपण मुंबई-पुण्यात गेलं, त्यांना हे नाव तसं घरचंच. १९६१ मध्ये मद्रासला ल्यूकस आणि टीव्हीएस यांनी मिळून ल्यूकस-टीव्हीएस कंपनी काढली आणि तिच्या पाट्या गावोगावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपऱ्यांवर लागल्या. ॲम्बॅसिडर तर मॉरिस ऑक्सफर्डचीच सख्खी बहीण. २०१४ पर्यंत ती बनत होती. तिकडचा मेकॅनिक व्होल्टेज रेग्युलेटरला 'कटआउट' म्हणायचा आणि स्टार्टरला 'सेल्फ', ते शब्द या घराण्यातल्या सामानाबरोबरच आपल्या कानावर पडले.

सहा की बारा, अधिक की उणे

पहिला प्रश्न व्होल्टेजचा. शिसं आणि गंधकाम्ल यांची बॅटरी गॅस्टन प्लँटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केली. तिचं रसायनशास्त्र आजही तेच आहे. एका खणातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात. तीन खणांची बॅटरी सहा व्होल्टची, सहा खणांची बारा व्होल्टची. तेवढीच शक्ती सहा व्होल्टवर हवी असेल तर करंट दुप्पट लागतो, आणि वायरीत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत चौपट. म्हणून इंजिनं मोठी झाली तशा गाड्या बारा व्होल्टकडे वळल्या. बहुतेक अमेरिकन गाड्या १९५५-५६ पर्यंत वळल्या, फोक्सवॅगन बीटल १९६७ साली. मॉरिस मायनर मात्र १९४८ मध्ये जन्मली तीच बारा व्होल्टची. एमजी बी मध्ये १९७४ पर्यंत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, पण त्या एकापुढे एक जोडून बाराच व्होल्ट देत. तिथे दोन छोट्या बॅटऱ्या पाहून गाडी सहा व्होल्टची समजू नये.

दुसरा प्रश्न अर्थिंगचा, आणि इथेच सगळ्यात जास्त नवे भाग जळतात. आजच्या गाडीत बॅटरीचं उणे टोक बॉडीला जोडलेलं असतं. ब्रिटिश गाड्यांत १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत उलटं होतं. अधिक टोक बॉडीला, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थिंग. हा वेडेपणा नव्हता. ओलसर हवेत दोन टोकांमध्ये थोडा करंट गळत राहतो आणि त्यात अधिक बाजूचा धातू झिजतो. बारीक तांब्याची वायर झिजण्यापेक्षा जाड पोलादी बॉडी झिजलेली बरी, असा हिशेब सांगितला जाई. दुसरं कारण ठिणगीचं. स्पार्क प्लगचं मधलं टोक जास्त तापतं, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून मधलं टोक उणे असेल तर ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. पुढे कळलं की हा फायदा कॉइलच्या दोन वायरींची जागा ठरवूनही मिळतो. तोवर ट्रान्झिस्टरचे रेडिओ आणि सिलिकॉनच्या डायोडचे अल्टरनेटर आले होते, जगाने निगेटिव्ह अर्थिंग पत्करलं होतं, आणि ब्रिटिश कारखानेही वळले. एमजी बी चा बदल १९६७ च्या अखेरीस झाला.

खरेदी करताना याचा अर्थ असा. बल्ब, हॉर्न, वायपरची जुनी मोटर यांना अधिक-उणेचं सोयरसुतक नसतं. पण इलेक्ट्रॉनिक इग्निशन, अल्टरनेटर, रेडिओ, एलईडी बल्ब यांना असतं, आणि उलटं जोडलं तर डायोड क्षणात जातो. एमजी बी च्या १९६५-६७ मधल्या इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरलाही असतं. आणखी एक गोष्ट. गाडीच्या सालावर विसंबू नका. पन्नास-साठ वर्षांत कुठल्या तरी मालकाने अर्थिंग बदललेलं असू शकतं. बॉडीला बॅटरीचं कुठलं टोक जातंय ते डोळ्यांनी बघा आणि मल्टिमीटरने खात्री करा.

कॉइलचंही तसंच. जुन्या ल्यूकस कॉइलवर 'एसडब्ल्यू' आणि 'सीबी' अशी अक्षरं असत. पहिलं किल्लीकडचं, दुसरं पॉइंटकडचं. नव्या कॉइलवर अधिक आणि उणे लिहिलेलं असतं. पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत अधिक टोक डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवं, निगेटिव्हच्या गाडीत उणे. उलटं जोडलं तरी गाडी चालते, पण ठिणगी अशक्त पडते, आणि मग माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो.

डायनामो ठेवावा की काढावा?

डायनामो हा तसा साधाभोळा प्राणी. आत तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासणारे कार्बनचे ब्रश. साठच्या दशकातला ल्यूकसचा सी-४० डायनामो साधारण २२ अँपियर द्यायचा. तेही इंजिन पळत असताना. सिग्नलला गाडी उभी राहिली की दिवे मंद होत आणि कटआउटमधली रिले डायनामोला बॅटरीपासून तोडे, नाही तर बॅटरीच उलट डायनामोला फिरवायला बघेल.

अल्टरनेटरमध्ये जड गुंडाळ्या बाहेर स्थिर असतात आणि आत हलकं चुंबक फिरतं. त्यामुळे तो वेगाने फिरवता येतो आणि कमी फेऱ्यांनाही करंट देतो. तो येण्यासाठी स्वस्त सिलिकॉन डायोडची वाट बघावी लागली. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो दिला, ब्रिटनमध्ये तो त्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला. ल्यूकसचा १८ एसीआर अल्टरनेटर ४५ अँपियर देतो, म्हणजे सी-४० च्या दुप्पट.

म्हणून बरेच जण डोळे मिटून अल्टरनेटर बसवतात. पण जरा थांबा. जुन्या गाडीतली तपकिरी वायर २२ अँपियरच्या हिशेबाने निवडलेली आहे. तिच्यातून दुप्पट करंट जाऊ लागला तर उष्णता चौपट. अल्टरनेटर घ्यायचा तर ती वायर जाड घातलीच पाहिजे. आणि आधी मनाशी हिशेब करा. गाडी फक्त उन्हाळ्यातल्या रविवारी दिवसा काढायची असेल, मूळचेच दिवे असतील, तर चांगला दुरुस्त केलेला डायनामो पुरतो. हिवाळ्यात रात्री, पावसात, हीटरचा पंखा आणि वायपर लावून चालवायची असेल, तर अल्टरनेटरचा विचार जरूर करा. वरून अगदी डायनामोसारखं दिसणाऱ्या कवचात बसवलेले अल्टरनेटरही मिळतात, आणि त्यांत पॉझिटिव्ह अर्थिंगचेसुद्धा असतात. पण दिसायला डायनामो असला तरी वायरीचा नियम तोच.

डायनामोच घेतलात तर एक बारकावा. त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं आणि त्यावरच त्याची अधिक-उणे दिशा ठरते. दुरुस्त करून आणलेला डायनामो तुमच्या गाडीच्या अर्थिंगप्रमाणे 'शिकवून' घ्यावा लागतो. त्यासाठी डायनामो कटआउटपासून सुटा असताना त्याच्या 'एफ' टोकाला बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाचा क्षणभर स्पर्श द्यायचा. दुकानदाराला हे आधी विचारा, तो करून देईल.

पस्तीसचा फ्यूज

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. ल्यूकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपियर लिहिलेलं असे. तो आकडा फ्यूज वितळण्याचा आहे. तो फ्यूज सतत वाहू शकतो साधारण १७ अँपियर. अमेरिकन पद्धतीच्या तशाच दिसणाऱ्या काचेच्या फ्यूजवर जो आकडा असतो, तो सतत वाहण्याचा. दोघांवर ३५ लिहिलेलं, आकार जवळजवळ सारखा, पण अमेरिकन फ्यूज दुप्पट करंट आरामात जाऊ देतो. त्याच्या पुढची वायर मात्र १७ अँपियरच्याच बेताची. शॉर्ट झालं तर फ्यूजच्या आधी वायर तापते, तिचं आवरण वितळतं आणि शेजारच्या वायरींना घेऊन जातं.

म्हणून फ्यूज घेताना पाकिटावर दोन्ही आकडे आहेत का ते बघा, १७ सतत आणि ३५ वितळण्याचा. एकच आकडा असेल आणि तो सतत वाहण्याचा असेल, तर ३५ चा नको, १५ च्या आसपासचा घ्या. पूर्वीच्या मालकाने बसवलेले फ्यूज तर आधी बाहेर काढून बघाच. तिथे कधी चांदीचा कागद गुंडाळलेला सापडतो, कधी खिळा.

आणि हेही लक्षात असू द्या की सुरुवातीच्या एमजी बी मध्ये मुळात फ्यूजच दोन होते. पुढच्या मोठ्या दिव्यांना फ्यूज नव्हता, इग्निशनला नव्हता. तपकिरी वायर डॅशबोर्डमागे कुठे घासली गेली तर तिला अडवणारं मध्ये काहीही नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारशा न बदललेल्या गाड्यांना एमओटी तपासणी सक्तीची राहिलेली नाही. सोय झाली खरी, पण वर्षातून एकदा परका माणूस गाडी बघत असे, तोही आता बघेलच असं नाही. जबाबदारी पूर्ण आपल्यावर आली.

बदनामी आणि मोरचूद

ल्यूकसला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात हा विनोद जुन्या गाडीवाल्यांत सगळ्यांनी ऐकलेला असतो. दिव्यांना तीन खटके: बंद, मिणमिण आणि लुकलुक. विनोद चांगला आहे, पण थोडा अन्यायाचा. बहुतेक वेळा दोष भागात नसतो, जोडात असतो.

तुमच्या आजीच्या घरी पितळेची पातेली असतील. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, कारण आंबट पदार्थात तांबं विरघळतं. म्हणून कल्हईवाला यायचा आणि आतून कथलाचा थर द्यायचा. गाडीतल्या वायरीच्या टोकाची हीच कथा. उघडं तांबं आणि पितळ ओलसर हवेत हिरवं पडतं. बॅटरीजवळ गंधकाम्लाच्या वाफेने निळं पडतं, तो चक्क मोरचूद. जिथे तांब्याचं टोक पोलादी बॉडीवर स्क्रूने आवळलंय, तिथे दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि पोलाद गंजतं. त्यात या देशात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ.

हा थर वीज अडवतो. समजा पुढचे दोन्ही दिवे मिळून १० अँपियर घेतात आणि एका गंजलेल्या जोडाचा रोध आहे फक्त ०.१ ओहम. तिथे एक व्होल्ट हरवतो आणि जोडात १० वॅट उष्णता तयार होते. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. बारातला एक व्होल्ट गेला तर जवळपास पाव उजेड जातो. असे दोन-तीन जोड झाले की मिणमिण आलीच. मग माणूस नवा बल्ब घेतो, नवा स्विच घेतो, डायनामो बदलतो आणि दिवा तसाच राहतो.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी अर्थिंगच्या सगळ्या जागा मोकळ्या करा, घासून चकचकीत करा, आवळा आणि वर व्हॅसलिन लावा. बॅटरीची टोकं खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडी करा. बॅटरी सोडवताना आधी नेहमी बॉडीकडची केबल काढायची, मग ती अधिक असो वा उणे. नवी टोकं घेताना कल्हई केलेली, म्हणजे कथलाचा थर असलेली, घ्या. या कामाचा खर्च एका पिझ्झाइतका, आणि दहातल्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

नाव तेच, खोकं नवं

१९९६ मध्ये ल्यूकसचं अमेरिकेच्या व्हॅरिटीशी विलीनीकरण झालं, १९९९ मध्ये ती कंपनी टीआरडब्ल्यूने घेतली, आणि २०१५ मध्ये टीआरडब्ल्यूच जर्मनीच्या झेडएफमध्ये गेली. हिरव्या खोक्यावरचं नाव शिल्लक आहे, ते परवान्याने वापरलं जातं. म्हणजे खोक्यावर ल्यूकस लिहिलंय म्हणून आतला भाग बर्मिंगहॅमच्या जुन्या कारखान्यातला आहे, असं नव्हे. चांगलाही असेल, साधाही असेल. आज बाजारात चार प्रकारचा माल मिळतो.

पहिला, जुना पण कधी न वापरलेला. स्विच, दिव्यांची काच, धातूचे भाग यांच्यासाठी उत्तम. कंडेन्सर आणि रबराचे भाग मात्र खोक्यात बसूनही म्हातारे होतात, ते घेऊ नका.

दुसरा, मूळचाच भाग दुरुस्त केलेला. डायनामो, सेल्फ, वायपरची मोटर आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यासाठी माझी पहिली पसंती. म्हणून जुना भाग भंगारात टाकू नका. त्याच्या अंगावर ल्यूकसचा पाच आकडी नंबर ठोकलेला असतो आणि बहुतेक वेळा शेजारी महिना आणि वर्ष. तो नंबर वहीत उतरवून ठेवा. दुकानदाराला "एमजी बी चा डिस्ट्रिब्युटर" सांगण्यापेक्षा तो नंबर सांगा.

तिसरा, नव्याने बनवलेली नक्कल. इथे डोळे उघडे ठेवावेत. रोटर आर्ममध्ये पितळेची पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल आणि खालचं प्लॅस्टिक पातळ असेल, तर ठिणगी प्लॅस्टिक भेदून दांड्यात उतरते आणि गाडी तापल्यावर बंद पडते. रिव्हेट नसलेले रोटर आर्म मिळतात, चार पैसे जास्त देऊन ते घ्या. कॉइल घेताना मल्टिमीटर घेऊन जा. साध्या इग्निशनची कॉइल साधारण ३ ओहमची असते, बारा व्होल्टवर ती ४ अँपियर घेते. सत्तरच्या दशकातल्या बॅलास्ट पद्धतीच्या गाड्यांची कॉइल साधारण १.५ ओहमची. ती साध्या गाडीत बसवली तर ८ अँपियर ओढते, स्वतः तापते आणि पॉइंट जाळते. दिसायला दोघी जुळ्या बहिणी.

चौथा, आधुनिक बदल. एलईडी बल्ब कमी करंट घेतात, डायनामोच्या गाडीला ते वरदान आहे. पण लाल काचेमागे लाल एलईडीच घाला, पांढऱ्यात लाल भाग कमी असल्याने ब्रेकचा दिवा गुलाबी दिसतो. आणि जुना फ्लॅशर आतली तार तापून चालतो, त्याला २१ वॅटचे बल्ब लागतात. एलईडी लावले की तो लुकलुकत नाही, फ्लॅशरही बदलावा लागतो.

एका गाडीचा निर्णय

हे सगळं कागदावर ठीक आहे. पण आपल्या मंडळातल्या एका घरात हा प्रश्न खराच उभा राहिला. काकांची १९६६ ची एमजी बी त्यांच्या पश्चात दोन वर्षं गॅरेजमध्ये उभी होती. मुलाने बॅटऱ्या बदलून ती सुरू केली, आणि अर्ध्या तासात डॅशबोर्डमागून वायर जळाल्याचा वास आला. काकू म्हणाल्या, विकून टाक, माझी नातवंडं यात बसायची नाहीत. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, सगळं उपटून नव्या गाडीची वायरिंग घाला, अर्थिंग उलटं करा, अल्टरनेटर बसवा.

मुलाने आणि मी दोन शनिवार बसून गाडी वाचली. फ्यूज अमेरिकन ३५ चा निघाला. किल्लीमागच्या तपकिरी वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं. डायनामो मात्र धडधाकट, फक्त ब्रश झिजलेले. कटआउटवर काकांच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी, "पॉझिटिव्ह अर्थ, लक्षात ठेवणे".

शेवटी ठरलं ते असं. पॉझिटिव्ह अर्थिंग आणि डायनामो ठेवायचा, कारण गाडी उन्हाळ्यातच निघणार. वायरिंग पूर्ण बदलायची, पण मूळच्या रंगांची आणि मूळच्याच आखणीची नवी तयार वायरिंग मिळते ती घालायची, म्हणजे पुढच्या माणसाला वाचता येईल. जिथे १९६६ साली सुरक्षा कमी होती तिथे भर घालायची: मोठ्या दिव्यांना रिले आणि स्वतंत्र फ्यूज, तपकिरी वायरीला बॅटरीजवळ मोठा फ्यूज, बॉडीकडच्या केबलवर बॅटरी तोडणारा खटका, आणि सीटजवळ छोटं अग्निशामक. फ्यूज १७-३५ चे. इतकंच. गॅरेजवाल्याच्या यादीतलं निम्मं सामान लागलं नाही.

काकूंनी यादी वाचली आणि विचारलं, "तो खटका माझ्या हाताला पोचेल का?" म्हणून तो सीटमागे ठरला होता तो पुढे, त्यांच्या हाताशी बसवला. गाडी विकायची नाही असं त्यांनीच सांगितलं.

या अनुभवावरून माझा सल्ला थोडक्यात देतो. मूळ भागाने साठ वर्षं चांगलं काम केलं असेल तर तो दुरुस्त करून ठेवा. मूळ आखणीतच धोका असेल, म्हणजे फ्यूज नाही, रिले नाही, तर तिथे बदल करायला लाजू नका. 'मूळचं ते सोनं' हा हट्ट आणि 'नवं ते चांगलं' ही घाई, दोन्ही गाडीला मानवत नाहीत. बदल केलात तर तो एका कागदावर लिहून गाडीतच ठेवा. गाडी आपल्यापेक्षा जास्त जगते, आणि पुढच्या माणसाला आपलं अक्षर उपयोगी पडतं.

मंडळाच्या कपाटात आता एक मल्टिमीटर ठेवलेला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावा आणि कृपा करून बॅटरी घालून परत करावा. आपल्या गाडीवरचे ल्यूकसचे नंबर कुणी उतरवले असतील तर माझ्याकडे द्या. सगळ्यांचे मिळून एक पान तयार करू आणि पुढच्या अंकात छापू.